आमच्या टॉवरवर पडू दे

ढग गडगडला की आख्खा दौंड तालुका ‘नको रे देवा’ म्हणायचा. मी एकटा म्हणायचो, पड! साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. विजेच्या लायनीच्या टॉवरवर आभाळातली वीज पडली तर ती मोजायची, ही माझी हंगामी नोकरी. प्रत्येक टॉवरच्या पायाला बोटभर नळीत पोलादाच्या पट्ट्या लावलेल्या. वीज पडली की त्यांचं लोहचुंबक व्हायचं. मी नळी काढून मीटरजवळ धरायची आणि काटा किती हलला ते लिहायचं. साहेबांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत एक तरी आकडा आणा, नाहीतर काम बंद आणि तुम्हीही घरी.

आणि वीज? ती बाभळीवर पडली, कडब्याच्या गंजीवर पडली, विहिरीकाठच्या लिंबावर पडली. टॉवरवर पडेल तर शपथ! शिरूरला आमच्या चर्चमध्ये बाकीचे पिकापाण्यासाठी प्रार्थना करायचे, मी डोळे घट्ट मिटून वीज मागायचो. लाज वाटायची, पण मागायचो.

खुटबावच्या टॉवरखाली एका धनगर मामांचं छप्पर होतं. मेंढरं विकून शेती धरलेली. माझं हे मागणं कळलं तेव्हा खवळलेच.

“आरं, डोस्कं हाय का जाग्यावर? खाली आमची लेकरं झोपत्यात, आन् तू वर ईज मागतूस?”

खरंच होतं ते. मग त्यांनीच चहा पाजला आणि विचारलं, “आन् न्हाईच पडली तर?”

म्हटलं, “नोकरी गेली, मामा.”

दिवाळीला आठ दिवस उरले आणि परतीचा पाऊस दणकून झाला. सकाळी सायकल हाणत खुटबावला पोचलो, नळी काढली, मीटरजवळ धरली, आणि काटा असा काही फिरला की मी चिखलातच उड्या मारायला लागलो. पडली! पडली! मामी घरातून धावत आल्या. त्यांना वाटलं, मलाच झटका बसला. मामा आधी नुसते बघत राहिले, मग तेही हसत सुटले. हात धरून आम्ही दोघं खुळ्यासारखे नाचलो.

दम लागला तेव्हा कुठं भान आलं. घाबरून विचारलं, “मामा, लेकरं कुठायत?”

“कासुर्डीला, बहिनीकडं. पंधरा दिस झालं धाडून,” मामा म्हणाले. “बिरोबाला नारळ बोललो व्हतो, आमच्याच टॉवरवर पाड म्हनून. मंग लेकरं हितं कशी ठिवायची?”