मामांचा अंधुक उजेडातला नेम

मामांना पहिल्यांदा मामा कुणी म्हटलं कुणास ठाऊक. सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता, पण बँकेच्या तिजोरीघरातले साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणायचे. मी नेमबाजीच्या हॉलमागे पिस्तुलं दुरुस्त करते. माझ्याकडे येणारी माणसं पिस्तुलाबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलतात, आणि मला त्याचा मनस्वी कंटाळा आहे. मामांचं उलट. पिस्तूल रिकामं करायचं, रिकामं असल्याचं मला दाखवायचं, बाकावर ठेवायचं आणि गप्प बसायचं. म्हणून ते मला आवडत.

त्या दिवशी मात्र ते आल्या आल्या म्हणाले, "बाई, मला पुढचं दिसेनासं झालंय."

"मग चष्मा बदला. मी काय डोळ्यांची डॉक्टर आहे?"

"बदलला. उजेडात सगळं दिसतं. उजेड कमी झाला की ही खुंटी कुठे जाते तेच कळत नाही."

पिस्तुलावर मागच्या टोकाला एक खाच असते आणि पुढच्या टोकाला एक खुंटी. खुंटी खाचेच्या मधोमध दिसली की नेम बसला. या दोघींना मिळून आम्ही साइट म्हणतो. मामांची साइट साधी, काळी होती. समोर अंधार असला की काळ्यात काळं शोधायचं, म्हणजे तरुण डोळ्यांचीही फे फे उडते. मामा तर निवृत्तीच्या जवळ आलेले.

बँकेच्या हत्यारी पहारेकऱ्यांची, म्हणजे मामांसारख्यांची, दरवर्षी हॉलचे दिवे मंद करून परीक्षा होते. नापास होईल त्याचं पिस्तूल काढून घेतात आणि त्याला मागच्या फाटकावर बसवतात. पगारात फरक पडत नाही. मग एवढं काय बिघडलं, असं मी विचारलं.

"पिस्तूलवाले दोघं बसतात," ते म्हणाले. "तसा नियमच आहे. फाटकावर एकट्यानेच बसायचं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लांब दिली होती, तिचा फोन सणासुदीसारखा क्वचित. घरी कुलूप काढण्याआधी मामा अजून दारावर टकटक करतात, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. वर म्हणाले, सवय, दुसरं काय. तिजोरीघराच्या खोलीत त्यांचा जोडीदार असायचा. त्याला सगळे वटवट्या म्हणत. जावई, गुडघे, शेजाऱ्याचं कुत्रं, त्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. बाकीचे त्याला टाळत. मामा ऐकत. अख्ख्या दिवसात मामांशी बोलणारा तो एकच माणूस होता आणि तो गमावायची त्यांना भीती वाटत होती. मला त्यांची फार दया आली, आणि दया आली की मी खेकसते.

"बसा," मी म्हटलं, "आणि मधे बोलू नका." ते तसेही बोलणार नव्हते.

मी दिवा घालवला आणि एकेक साइट त्यांच्या हातात दिली. पांढरे ठिपके रंगवलेली अंधारात काही कामाची नाही. उजेड ओढून घेणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या दोऱ्याची उन्हात झगमगते आणि अंधारात मान टाकते. बॅटरीचा झोत दाखवून चमकवायची ती थोडा वेळ छान दिसते, मग विझत जाते; चोर काय तोवर थांबतो? उरली ती वायू भरलेल्या बारीक काचेच्या नळ्यांची, जी स्वतःच वर्षानुवर्षं मिणमिणते. तिला मागे खाचेच्या दोन बाजूंना दोन हिरवे ठिपके आणि पुढे खुंटीवर एक.

"हीच," मामा म्हणाले. एवढं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी ती बसवून दिली आणि सरावाला हॉलमध्ये नेलं. मंद दिव्यात त्यांनी अगदी शांतपणे गोळ्या झाडल्या. निशाणाचा कागद कोरा! सगळ्या डावीकडे भिंतीत. मी कपाळावर हात मारला. अंधारात पिस्तूल दिसत नाही, फक्त तीन ठिपके दिसतात, आणि तिन्ही सारखे. मामांनी ते एका ओळीत नीट आणले होते, पण पुढचा मधे यायच्या ऐवजी दोघांच्या डावीकडे. ओळ सरळ, पिस्तुलाची नळी भलतीकडे.

हा घोटाळा ठिपकेवालेच करतात, आणि करताना त्यांना वाटतं, काय झकास नेम लागलाय. मी ती साइट काढली. पुढे एकच मोठा नारिंगी ठिपका आणि मागे नुसती काळी, रुंद खाच अशी दुसरी बसवली. चमकेल तो पुढचाच, शंकेला जागाच नाही. दुसऱ्या खेपेला कागदाच्या मधोमध भोकं पडली.

काढलेली हिरवी साइट मामांनी रुमालात बांधून नेली. दोन दिवसांनी वटवट्या ती घेऊन हजर. "मामांनी टाकलेली मी उचलली! हीच बसव. तीन दिवे कुठे आणि एक कुठे!"

"मामांची गोळी भिंतीत गेली होती. सांगितलं नाही त्यांनी?"

"शंभरदा सांगितलं. अगं, मामांचे डोळे म्हातारे, माझे नाहीत."

मी पुन्हा समजावलं. त्याने ऐकून घेतलं असतं तर त्याला वटवट्या कशाला म्हटलं असतं? शेवटी मी बसवून दिली. सरावाला ये म्हटलं, तर आला नाही.

परीक्षेत मामा पास झाले. वटवट्याच्या सगळ्या गोळ्या डावीकडे गेल्या.

त्याला फाटकावर बसवलं. त्याने मामांशी बोलणंच टाकलं. 'चांगली साइट मामांनी स्वतःला ठेवली आणि वाईट माझ्या गळ्यात मारली,' असं तो सगळ्यांना सांगत सुटला. मामांच्या शेजारच्या खुर्चीवर एक नवा माणूस आला. तो कानात काहीतरी खुपसून मोबाइल बघतो. नियमाप्रमाणे पिस्तूलवाले दोघं बसत होते.

महिनाभराने मामा माझ्याकडे आले. बाकावर काही न ठेवताच बसले.

"पिस्तूल कुठे?"

"जमा केलं. फाटक मागून घेतलं."

माझं डोकंच फिरलं. "एवढी मेहनत केली मी! पास झालेला माणूस फाटक मागतो? आणि तो तिथे आहे म्हणून गेलात, तर तिथे एका वेळी एकच बसतो, हे तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"हो. तो सकाळी, मी दुपारनंतर."

"मग मिळवलंत काय?"

"पाळी बदलते ना," मामा म्हणाले. "जाणाऱ्याने येणाऱ्याला तोंडाने सांगायचं असतं, सगळं ठीक म्हणून. नियमच आहे. तेवढं त्याला बोलावंच लागतं."

हातातला पेचकस मी उगाच पुसत राहिले. शेवटी विचारलं, "मग बोलतो?"

"बोलतो. खाली बघून म्हणतो, सगळं ठीक." मामा उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. "काल म्हणाला, सगळं ठीक, मामा."