राहूचं पार्सल, सहा वाजून दहा मिनिटं

इनामगावचा जालिंदर दौंडच्या गोडाऊनमधून राहू गावाला पार्सलं पोचवायचा. पाठीवर माणसाएवढी पिशवी, तोंडाला रुमाल आणि मोटारसायकलचा हॉर्न असा, की एंट्रीआधीच टाळी पडावी. बायको गेल्यापासून घरात त्याला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. राहूत मात्र बारा उंबऱ्यांवरून हाक यायची, तीही चहासकट. म्हणून पुण्यात बरी जागा मिळत असताना त्यानं ही लाइन सोडली नव्हती.

मग कंपनीनं भविष्य सांगणारं यंत्र आणलं. पार्सल किती वाजता दारात येईल, हे ते गिऱ्हाइकाला मिनिटासकट कळवायचं. यंत्र बसायचं पुण्यात. त्यानं ऊसगाडी कशाला पाहिलीय? भांडगावच्या पुढं ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या झुलायला लागल्या, की मागच्यानं गाडी बंद करून तंबाखू मळावी. पण भविष्य चुकलं की दोष जालिंदरचा. महिन्यात दहा वेळा चुकलं, की लाइन दुसऱ्याला.

पहिल्याच आठवड्यात सात वेळा चुकलं. जालिंदरनं राहूतल्या म्हाताऱ्या सोजराबाईंच्या ओट्यावर बसून हे गाऱ्हाणं सांगितलं.

"आरं, मग आकडा आधीच घेत जा की," सोजराबाई म्हणाल्या. "पार्सल काय पळून जातंय व्हय?"

आकडा म्हणजे ओटीपी. पार्सल हातात पडल्यावर गिऱ्हाइकानं तो सांगायचा, मगच कंपनीच्या लेखी ते पोचलं. राहूकर तो ठरल्या मिनिटाला फोनवर सांगू लागले. जालिंदर पाटसला चहा पीत असला, तरी त्याचं पार्सल राहूत पोचलेलं असायचं.

यंत्र खूश झालं. इतकं, की हा गडी याहून लवकर पोचेल, असं त्याला वाटू लागलं. नवाचे आठ झाले, आठाचे सात. माघ लागला तेव्हा वेळ होती सकाळी सहा दहा. पुण्याची गाडी दौंडात लागायची साडेसातला. म्हणजे पार्सल गाडीतून उतरायच्या आधीच घरी पोचत होतं, आणि महिनाभरात एक चूक नाही!

हे नवल बघायला सत्यजीतसाहेब पुण्याहून आले. यंत्र त्यांनीच बसवलं होतं. सोजराबाईंचा गुडघ्याचा पट्टा त्या दिवशी यायचा होता, म्हणून साहेब सहालाच त्यांच्या ओट्यावर हजर. सहा दहाला फोन वाजला.

"मावशी, आकडा?"

"चार, सात, दोन, आन् शून्य."

साहेबांच्या मोबाइलवर 'पोचले' असं उमटलं. साहेबांनी अंगणात पाहिलं. अंगणात एक कोंबडी होती.

"आजी, पार्सल कुठंय?"

"यील की साडेधाला. आज कारखान्याच्या गाड्या हायेत. बसा, भाकरी टाकते."

"मग नंबर आधीच का दिलात?"

"त्यो येनार हाय म्हून दिला. त्यो कवा चुकलाय? चुकतंय ते तुमचं मशीन."

साडेदहाला हॉर्न वाजला. साहेबांना पाहून जालिंदरचा हात पिशवीतच राहिला. सोजराबाई तोऱ्यात म्हणाल्या, "ह्ये दुसरं हाय, साहेब. पयलं आत हाय, फडताळात!"

"न्हाई साहेब," जालिंदर म्हणाला. "ह्येच ते. मावशीला या वयात खोटं कशाला बोलाया लावू?"

साहेबांनी भाकरीचा घास गिळला. "पण आजींना साडेदहा कसं कळलं?"

खरी वेळ आदल्या रात्री जालिंदरच कळवायचा; ती कशी काढतो, ते त्यानं सांगितलं. कुठल्या शिवारात ऊसतोड चालू आहे, कारखान्याची गाडी कुठल्या वळणावर अडते, बाजारच्या दिवशी कुठून रस्ता काढायचा. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. लाइन गेली, हे जालिंदर समजून चुकला.

आणि गेलीच, पण बढती होऊन! यंत्र चुकलं, हे साहेब कुणाला सांगणार? यंत्राला जोडीला स्थानिक सल्लागार हवा, एवढंच त्यांनी कळवलं. जालिंदरला दौंडात खुर्ची मिळाली, वर पंखा. आता तो वेळा सांगतो, यंत्र त्या कळवतं, आणि पुण्यात यंत्राचं कौतुक होतं.

राहूला विश्वजीत नावाचा नवा माणूस जातो. पार्सल उघडून दाखवल्याशिवाय त्याला कुणी आकडा सांगत नाही, आणि चहाही विचारत नाही.

परवा सोजराबाईंचा फोन आला. "जालिंदर, ह्यो इश्वजीत कवा यील रं?"

"अकराला पाच कमी."

"आन् तू?"

"ऐतवारी येतो, मावशी."

"किती वाजता?"

"मशीनला इचारून सांगतो."

पलीकडून अशी खणखणीत शिवी आली, की शेजारच्या टेबलावरच्या मोनालीनं दचकून मान वर केली. जालिंदरनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.