पोरीच्या मुठीतली सरकी

असल्या हकिकती वाचताना मी हसून पान उलटत असे. घरातला पहिला बी.ए. मी, शाळेत सायन्स शिकवणारा... म्हणून लिहायला संकोच वाटतो. पण घडलं ते असं.

लढाईची वर्षं, थंडीचे दिवस. आमचं गाव नंदुरबारपासून दोन कोसांवर. पत्नीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली — जेमतेम दीड वितीची. पत्नीला ताप, त्यात बाळंतिणीनं बारा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. मी एकट्यानंच पोरीला धोतरात गुंडाळून, छातीशी धरून बैलगाडीतून नंदुरबारच्या दवाखान्यात आणलं.

नर्सबाईंनी तिला लाकडी पेटीत, पिंजलेल्या स्वच्छ कापसात ठेवलं. दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या.

"मास्तर, नुसतं बघत बसायचं नाही," बाई म्हणाल्या. "मी एकटी किती ठिकाणी पुरणार? तासातासाला बाटल्या बदला. पोर गार पडली की हाती लागायची नाही."

चार दिवस बदलल्या. रोज तिला तेलानं पुसायचो, इवल्या मुठी उघडून. पाचव्या दिवशी भर दुपारी... बसल्या बसल्या डोळा लागला.

"मास्तर! बाटल्या थंडगार!"

मी धडपडत उठलो. बाईंनी थर्मामीटर लावला. झटकून पुन्हा लावला. पोर उबदार होती! मूठ मात्र घट्ट. बाईंनी बोटानं सोडवली — आत सरकी, तंतूंसकट.

"आमच्या कापसात सरकी नसते," बाई पुटपुटल्या.

संध्याकाळी बाई पेटीपाशी बसल्या नि मी घरी धावलो. आईला चूक सांगितली. ती कडाडली, "बी.ए. व्हयना, पन बाटल्या बदलानं जमनं नही तुले!" मग आवाज उतरला. "तुन्ही बायको बी येडी. दुपारले दचकीसन उठनी, घरना कापूसनं बोचकं छातीले बांधीसन बठनी."

खोलीतून पत्नी म्हणाली, "मन्ही पोर गार पडी ऱ्हायनी व्हती."

बोचक्यातला कापूस आमच्या शेतातला, सरकी न काढलेला.

धोतराला चिकटून आली म्हणावं, तर चार दिवस त्याच मुठी मी पुसत होतो.

मुलगी आता पहिलीत आहे. सरकी डबीत आहे. पेरून पाहावी, असं माझ्यातल्या सायन्स मास्तराला दरसाल वाटतं — पण डबी उघडतो नि तशीच मिटतो.