मरीन म्हणजे समुद्रातलं
मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना संकष्टीच्या उपासाला मासा खाऊ घातला. एकदा नव्हे, लागोपाठ चार संकष्ट्यांना, ताकातून, आणि वर "घ्या हो, अजून अर्धा पेला" असा आग्रह करून.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची पोर होते. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, म्हणजे जगातलं कुठलंही लेबल आपल्याला कळतं अशी पक्की खात्री. सून हिंजवडीला आयटी कंपनीत. सकाळी बस पकडण्याआधी एका डब्यातली पांढरी भुकटी पाण्यात ढवळून घटाघटा प्यायची. म्हणायची, "कोलॅजन आहे, आई. गुडघ्यांना चांगलं. आणि दुपारपर्यंत भूकच लागत नाही."

भुकेचं तेवढं मी उचललं. जाऊबाईंची लग्न झाल्यापासून एक संकष्टी चुकली नव्हती. पण सत्तरीनंतर चंद्रोदयाची वाट बघता बघता त्यांना घेरी येऊ लागली. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितला, तर नारायण पेठेतल्या त्यांच्या घरात, जिथे अंड्याचा केकसुद्धा उंबरठा ओलांडत नसे, ही करारी बाई माझ्यासमोर ढसाढसा रडली.

मी डबा फिरवून बघितला. धान्य नाही, साखर नाही. 'मरीन' असं लिहिलेलं. मरीन म्हणजे समुद्रातलं. समुद्रातलं म्हणजे ज्याचं चायना ग्रास करतात तसलं शेवाळ! "उपासाला चालतं," मी निकाल देऊन टाकला. विशेषण दिसलं की त्याचं नाम शोधा, हे मुलींना छडी आपटून शिकवणारी मी. स्वतः नाही शोधलं.

संकष्टीला दोन पेले ताकात भुकटी ढवळून दिली, आणि जाऊबाईंची घेरी थांबली. "गणपतीची कृपा," त्या म्हणाल्या.

"कृपा कसली, विज्ञान!" मी म्हणाले. काय तो तोरा!

एका रविवारी सुनेनं रिकामा डबा हलवून विचारलं, "आई, हा इतक्यात कसा संपला?" मी छाती फुगवून सगळं सांगितलं. तिचा हात तोंडावर गेला.

"आई, ते माशांच्या कातडीपासून करतात!"

ओट्याला धरून मी कसंबसं विचारलं, "कुठल्या माशाच्या?" जणू पापलेट असता तर उपासाला चालला असता.

"पण भूक तर थांबली ना त्यांची?" मी शेवटचा आधार शोधला.

"अहो, कुठलंही प्रथिन पोटात गेलं की आतडी हार्मोन सोडतात. ते मेंदूला कळवतात, पोट भरलं म्हणून. कोलॅजननं ते जास्त होतं म्हणतात, पण पक्कं काही नाही. ताकात प्रथिन असतंच की! दिवसभर काही न घेणाऱ्या माणसाला दोन पेले ताक दिलंत, तर घेरी थांबणारच."

म्हणजे मासा फुकटच गेला होता. हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा.

"सांगू नका त्यांना," सून कुजबुजली. मलाही तेच हवं होतं. पण संकष्टी परवावर आली होती, आणि "तुझी भुकटी आणायला विसरू नकोस" असा जाऊबाईंचा फोन सकाळीच येऊन गेला होता. खोटं बोलून गप्प बसावं, तर त्यांचं व्रत माझ्या थापेवर उभं राहणार. खरं सांगावं, तर चाळीस वर्षांच्या सोबतीची जाऊ तोंड फिरवणार.

मी तशीच त्यांच्याकडे गेले. त्या पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं: डबा, मरीन, चायना ग्रास, कातडी, हार्मोन, ताक. त्यांचा हात सुपात थांबला. चेहरा पांढराफटक. पदर तोंडाला लावून त्या समोरच्या देव्हाऱ्याकडे वळल्या. मी चपला घालायला वळले, तेव्हा मागून आवाज आला:

"मासा तू चारलास, ते पाप तुझं. उपास मी केला, ते पुण्य माझं. परवा नुसतं ताक घेऊन ये, आणि त्यात काय घातलंयस ते मला मराठीत सांग."