आधी माझी झडती घ्या

डोमाजी मुनेश्वर साध्या वेशात बाजारात शिरला की दहा मिनिटांत सगळ्या बाजाराला कळायचं, पोलीस आले. साध्या वेशातल्या पथकात त्याची सव्वीस वर्षं गेली होती, पण माणसाचा बांधाच असा की अंगावर काहीही घाला, आतला हवालदार लपायचा नाही. छाती पुढं, कानावरचे केस बारीक, आणि चहाच्या टपरीवर बसला तरी पाठ भिंतीला अन् तोंड रस्त्याकडं. एकदा पांढरकवड्याजवळ हायवेवर उभ्या ट्रकांतून कापसाच्या गाठी चोरीला जात होत्या, तेव्हा तो आठ दिवस क्लीनर बनून ढाब्यावर राहिला. मळकी बनियान, खांद्यावर दुपट्टा, वाढलेली दाढी, सगळं साग्रसंगीत. तिसऱ्या दिवशी ढाबेवाल्यानं चहा ठेवता ठेवता हळूच विचारलं, हवालदारसाहेब, साखर कमीच टाकू ना? चोर सापडले, पण ही गोष्ट त्याच्या बायकोनं, शीलानं, नातेवाइकांत अशी काही पसरवली की लग्नाच्या पंगतीत लोक त्याला साखरेचं विचारून हसायचे. तोही हसायचा. रागीट पोलीस पाहायचा असेल तर दुसरीकडं जावं लागायचं.

पथकातले लोक त्याला वैतागायचे ते वेगळ्याच कारणानं. लोकांना वाटतं, वर्दी उतरवली की पोलीस मोकळा झाला, आता कुठंही शिरा, कोणालाही धरा. डोमाजीचं उलट होतं. साधा शर्ट चढवला की त्याचे नियम दुप्पट व्हायचे. ओळखपत्र डाव्या खिशातच पाहिजे. ठाण्यातून निघताना कुठं चाललो, कशाला चाललो, सोबत कोण, हे नोंदवूनच निघायचं. बाईमाणसाच्या घरी जायचं तर महिला पोलीस बरोबर पाहिजेच. कोणी विचारलं तू कोण, तर उत्तर द्यायचं, डोळे वटारायचे नाहीत. आणि वर्दीतल्या पोलिसानं आपल्यालाच अडवलं तर हात दिसतील असे ठेवून गप उभं राहायचं. हा शेवटचा नियम त्यानं स्वतः पाठीवर सोसून पाळला होता. एका नाक्यावर नव्या शिपायानं त्याला चोर समजून दोन दंडे हाणले, आणि हे महाशय हात वर करून शांतपणे सांगत होते की डाव्या खिशात बघ बाबू. तो शिपाई पुढं वर्षभर त्याला पाहिलं की रस्ता बदलायचा. शेवटी डोमाजीनंच त्याला घरी जेवायला नेलं.

नव्या पोरांना तो एकच गोष्ट सांगायचा. "वर्दी असली तं वर्दीच सांगते आपुन कोन ते. वर्दी नसली तं आपल्याले तोंडानं सांगा लागते."

सगळ्यांत मोठा नियम झडतीचा. कोणाच्या घराची झडती घ्यायची तर त्याआधी घरवाल्याला पोलिसांची झडती घेऊ द्यायची, म्हणजे पोलिसानं स्वतःच काही आत नेऊन ठेवलं असं पुढं कोणी म्हणू नये. पंचनाम्यात तसं वाक्य असतंच. आता खरं सांगायचं तर घाईच्या दिवसांत हे वाक्य नुसतं लिहून मोकळं होणारे पुष्कळ. डोमाजी ते करायचा. उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, ओळखपत्र दाखवायचा, खिसे उलटे करायचा आणि म्हणायचा, आधी माझी झडती घ्या. घरवाले बिचारे गांगरायचे. पोलिसाच्या खिशात हात घालायची हिंमत कोणाला? तो म्हणायचा, घाला हो, चावत नाही.

हे वेड त्याला कुठून लागलं ते शीलाला ठाऊक होतं. तो चौदा वर्षांचा असताना झरी जामणीकडल्या त्यांच्या गावी दोन माणसं घरी आली होती. शर्ट-पॅन्टवाली, हातात थैली, नाव नाही, गाव नाही. घरात शिरली, आणि अंथरुणाखालून तांब्याच्या तारेचं वेटोळं काढलं. त्या घराला वीज नव्हती. बाप अकरा दिवस आत राहिला, आणि परत आला तो बोलायचंच विसरून आला. डोमाजीची माय मथुराबाई त्यावर रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली की त्यायची थैली आंदी कोनी पाह्यली असती तं.

तर ते दोन हजार अठराचं साल होतं. आदल्या साली बोंडअळीनं कपाशी पोखरून टाकली होती, आणि फवारणीत विष चढून माणसं गेली होती. लोक हैराण होते. अशा वेळी बाजारात परवाना नसलेलं बियाणं आलं. त्याला सगळे सरळ चोर बीटी म्हणत. तणावर औषध मारलं तरी याची कपाशी मरत नाही, निंदणाची कटकट नाही, अशी त्याची कीर्ती. सरकारची बंदी, आणि लोकांची झुंबड. विकणारे पकडायचे म्हणून पथकांना वरून तगादा होता. डोमाजीच्या पथकावर त्याच वर्षी सुरभी मॅडम फौजदार होऊन आल्या होत्या. पोरगी हुशार, कामाची, पण पहिलीच मोठी केस हाती लागावी म्हणून उतावीळ. डोमाजीला दिवाळीच्या आत रिटायर व्हायचं होतं.

जूनमधल्या एका मंगळवारी महागावच्या बाजारात डोमाजी गिऱ्हाईक बनून गेला. नवल म्हणजे या खेपेला त्याला कोणी ओळखलं नाही. विकणाऱ्यानं एक पाकीट दिलं, आणि वर दुसरं हातात कोंबलं, काका हेही पेरून पाहा म्हणून. पहिलं पाकीट डोमाजीनं रीतसर पंचांसमोर बंद केलं. दुसरं त्यानं गर्दीत पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकलं होतं, चष्म्याच्या घराखाली. तेवढ्यात विकणारा पळाला, धावाधाव झाली, आणि ते पाकीट त्याच्या डोक्यातून साफ गेलं. अलीकडं चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर चष्मा शोधायचा, शीला म्हणायचीच. पण चष्मा विसरणं वेगळं आणि हे वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्की खबर आली की जवळच्या तांड्यात रुखमाबाईच्या घरी माल आहे. पथक निघालं. सुरभी मॅडम होत्याच, त्यामुळं महिला पोलिसाचा प्रश्न नव्हता. दोन पंच घेतले, त्यातले एक बाजूच्या गावचे भगवानराव. रुखमाबाई सत्तरीची, विधवा, एकटी राहणारी. दारात ज्वारी पाखडत बसली होती. हातभर गोंदण, आणि नजर अशी की समोरच्यानंच नजर खाली घालावी.

भगवानराव कडुनिंबाखाली मोबाईलवर कोणाशी तरी तावातावानं बोलत होते. डोमाजी उंबऱ्याबाहेर थांबला. ओळखपत्र दाखवलं, नाव सांगितलं. तांड्यावर आईला म्हणतात तसं याडी म्हणून तिला हाक मारली आणि पिशवी तिच्या हातात दिली. म्हणाला, आधी माझी झडती घे. म्हातारी आधी हसली. असला पोलीस तिनं जन्मात पाहिला नव्हता. मग मात्र तिनं भाजी निवडावी तसं एकेक बाहेर काढलं. रुमाल, पाण्याची बाटली, तंबाखूची डबी, चष्म्याचं घर. आणि त्याखालून बियाण्याचं पाकीट.

डोमाजीला बाजार आठवला, तो हात आठवला, काका हेही पेरून पाहा आठवलं. आणि त्याच्या पाठोपाठ अंथरुणाखालचं तारेचं वेटोळं आठवलं. आज तो स्वतःच ती शर्ट-पॅन्टवाली माणसं झाला होता.

सुरभी मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. मुद्दाम केलं नाही हे त्यांना दिसतच होतं. हळू आवाजात त्या म्हणाल्या की पाकीट कालच्या जप्तीत दाखवता येईल, इथं लिहायची गरज नाही, आपण आत जाऊ. वाईट बाई नव्हत्या त्या, त्याला वाचवायलाच पाहत होत्या. डोमाजीनं नकारार्थी मान हलवली. म्हणाला, आता आत जे सापडेल ते माझ्या पिशवीतून गेलं असं कोणीही म्हणेल, आणि त्याचं चुकणार नाही. झडती थांबवा, आणि पाकीट माझ्याकडं सापडलं असं लिहा. तुम्ही नाही लिहिलं तर मी लिहितो. मग ओट्यावर बसून त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध पंचनामा लिहिला. रुखमाबाई ज्वारी पाखडायची सोडून त्याच्याकडं पाहत राहिली. झडती न घेता पथक परत फिरलं. दुसरं पथक चार दिवसांनी आलं, तेव्हा तिच्या घरात काही सापडलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. निनावी अर्ज गेला की हा हवालदार म्हातारीच्या घरात बियाणं ठेवायलाच घेऊन गेला होता. विभागीय चौकशी लागली. सुरभी मॅडमनी घडलं ते, आपल्या सल्ल्यासकट, लिहून दिलं. पण त्या पथकाच्याच, त्यांच्या शब्दाला वजन किती? एक पंच कामाला हैदराबादकडं निघून गेला होता. भगवानरावांनी सांगितलं की मी पाहिलं तेव्हा हवालदार अंगणात होते आणि पाकीट बाहेर आलेलं होतं, ते आधी घरात जाऊन आले की काय ते मला माहीत नाही. खोटं नव्हतं ते. माणूस मोबाईलवर होता. पण सगळी चौकशी त्याच एका प्रश्नावर येऊन अडली, की पिशवी उंबऱ्याबाहेर दिली, की पाकीट तो आत जाऊन आल्यावर निघालं? बाहेर दिली असेल तर ती चूक होती. आत जाऊन आला असेल तर तो गुन्हा होता, आणि मग रिटायर होऊन घरी जाताना डोमाजी चोर म्हणून जाणार होता.

शीलानं त्या दिवसांत त्याची थट्टा करायचं सोडून दिलं, तेच त्याला जास्त लागलं. जेवणावरची वासना उडाली. एकदा तो तिला म्हणाला, "मायले कोन्त्या तोंडानं सांगू? तिच्या लेकानंही तेच केलं म्हनून?"

साक्षीला रुखमाबाईलाही बोलावलं होतं. ती येईल असं कोणालाच वाटत नव्हतं. आपल्याच घरावर छापा घालायला आलेल्या पोलिसासाठी कोण एवढ्या दूर यवतमाळला येतं? पण ठरल्या दिवशी ती एसटीनं आली, सोबत फडक्यात बांधलेली भाकर घेऊन, आणि साहेबांच्या समोरच्या खुर्चीवर न विचारता बसली.

चौकशी करणारे उपअधीक्षक शांत, कोरडे गृहस्थ होते. तिनं सांगितलं की पिशवी उंबऱ्याबाहेर माझ्या हातात दिली, पाकीट मीच काढलं, तोवर याचं पाऊलही आत पडलं नव्हतं. साहेबांनी ते ऐकून घेतलं, आणि मग विचारलं की पोलिसांनी तुमच्यावर दबाव आणला नाही कशावरून? घरात तर काही नव्हतंच, म्हणजे या हवालदारानं तुमचं काही वाचवलंही नाही. मग पोलिसासाठी इतक्या दूर का आलात? मी तुमच्या शब्दावर विश्वास का ठेवू?

म्हातारीनं पदर सावरला. म्हणाली, "नव्हतं म्हनून कोन म्हनते साहेब? होतं. बारा पाकिटं होती कोठीत, ज्वारीखाली. इकली एक बी नाई, समदी माह्या अन् माह्या भावाच्या वावरात पेरली. त्या दिवशी हा आत आला असता तं मी सापडली असती. याच्या पिशवीनं वाचली मी. आता तं पटते का तुमाले, मी खरं सांगून राह्यली ते?"

बाजूला लिहिणाऱ्या कारकुनानं पेन उचललं आणि साहेबांकडं पाहिलं.

डोमाजी उभा राहिला. आरोपीनं मध्ये बोलायचं नसतं हे त्याला इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. "साहेब," तो म्हणाला, "चौकशी माही हाये. प्रश्न एवढाच हाये का पिशवी बाहेर देली का नाई. बाईच्या कोठीचा प्रश्न या कागदावर नाई. अन् तिच्यावर काही आरोप असन, तं तिले तसं आंदी सांगा लागते. ते कोनी सांगतलं नाई. म्हनून ते लिहिता येत नाई."

मुद्दा पक्का होता. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग म्हातारीकडं पाहिलं. त्यांच्या कोरड्या चेहऱ्यावर काहीतरी हललं म्हणतात, त्या दिवशी खोलीत असलेल्या सुरभी मॅडम तरी तसं सांगायच्या. ते कारकुनाला म्हणाले, पिशवी उंबऱ्याबाहेर साक्षीदाराच्या हातात दिली, पाकीट तिथंच निघालं, एवढं लिहा. बाकी या चौकशीचा विषय नाही.

निष्काळजीपणाबद्दल डोमाजीला लेखी समज मिळाली. ती त्यानं वाचून, सही करून, बरोबर आहे म्हणून घेतली. गुन्ह्याचा डाग मात्र लागला नाही.

त्या दुपारी तो रुखमाबाईला सोडायला स्टँडवर गेला. महागावच्या गाडीला वेळ होता. दोघं बाकावर बसले, आणि तिनं भाकर सोडून अर्धी त्याच्या हातात दिली. किती दिवसांनी त्याला भूक लागली होती. खाता खाता त्याचे डोळे भरून आले, आणि मग तो तिच्यावर रागावला, जसं माणूस आपल्या माणसावर रागावतो.

"याडी, बारा पाकिटाचं काहून सांगतलं तू? पेन वर झालतं त्या कारकुनाचं. आत गेली असती ना."

रुखमाबाईनं आपला घास सावकाश संपवला.

"अन् तू लिवत होता माह्या ओट्यावर बसून," ती म्हणाली, "तवा मी इचारलं का तुले, काहून लिवून राह्यला म्हनून?"