लाल पापणीची मेंढरं

आमच्याकडे मेंढरांना जंताचं औषध पाजायची पद्धत ठरलेली होती. पाऊस ओसरला की एका सकाळी सगळा कळप वाडग्यात कोंडायचा, मोठ्या जनावराला एक माप, कोकराला अर्धं. आणि त्याच दुपारी कळप मोकळ्या, न चरलेल्या रानात सोडायचा. औषध पोटात, पाय नव्या रानात, मग जंत येणार कुठून, असा माझ्या चुलत्यांचा हिशोब. ऐकायला चोख. गेल्या वर्षी तो फसला.

औषध पाजून पंधरवडा झाला नाही तोच कोकरांच्या जबड्याखाली पाणी साचू लागलं. दोन गेली. मग एडका मलूल झाला. मेंढरं माझी बायको सांभाळते. ती म्हणाली, "ह्यो एडका गेला तर मी कळप मोडणार बघा. असं एकेक मरताना बघवत न्हाय मला."

मी लेंड्या घेऊन कागलला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. औषध पाजलेल्या मेंढरांतही जंतांची अंडी भरपूर होती. जंतांना ते औषध पचू लागलं होतं. आमच्या पद्धतीने तर त्यांना मदतच झाली होती. औषधाला न मेलेले तेवढेच जंत पोटात उरले आणि नव्या रानात अंडी पडली ती फक्त त्यांचीच. औषध बदला, वजन करून द्या, पापणी पांढरी असेल त्यालाच द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाकीच्यांच्या पोटात औषधाला मरणारे जंत राहू द्यायचे, म्हणजे नुसती चिवट जंतांचीच पैदास वाढत नाही. हे मला लगेच पटलं.

चुलत्यांना पटलं नाही. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. वाडग्यात ताणकाटा टांगलेला पाहून ते म्हणाले, "आता मेंढरं बी टनावर घेणार व्हय रं?"

"तात्या, अंदाजानं दिलेलं कमी पडतंय."

"आणि निम्म्यांना द्यायचंच न्हाय? जंत पाळायलायस की मेंढरं?"

"थोडे जंत पाळायचेच हाईत."

"ऐका! कारखान्यातली अक्कल!"

एडका पोत्याच्या झोळीत घालून टांगला. वजन आमच्या अंदाजापेक्षा पंधरा किलोंनी जास्त भरलं. म्हणजे सर्वांत दांडग्या जनावराला दर वर्षी कमी औषध मिळत होतं. त्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर कागदासारखी पांढरी. रक्त पिणाऱ्या जंतांची ती खूण. त्याला वजनाप्रमाणे नवं औषध पाजलं.

पुढची मेंढी चुलत्यांची लाडकी. पापणी लालभडक. "हिला पाज," ते अडून बसले. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "मामंजी, लाल हाय, सोडा तिला." आणि तिने मेंढी सोडलीसुद्धा. चुलते रागाने बांधावर जाऊन बसले.

दोन आठवड्यांनी औषध दिलेल्यांच्या लेंड्या पुन्हा तपासून आणल्या. अंडी जवळजवळ नव्हतीच. एडक्याने तोवर चुलत्यांना एक धडकही दिली होती. ते धोतर झटकत उठले. "बरा झाला की गडी!"

आता दर पंधरवड्याला पापण्या बघतो. अधूनमधून एखादी पांढरी निघते, तिला औषध मिळतं. परवा शेजारगावचा एकजण औषधाची बाटली मागायला आला, तर चुलते त्याला म्हणाले, "पावणं, बाटली ऱ्हाऊ द्या. आधी पापणी बघून या."

मी बायकोला कळप मोडायचं काय झालं ते विचारलं. ती कोकरांना पाला टाकत होती. "यंदाच्या माद्या कुणाला द्यायच्या न्हाईत," ती म्हणाली. "वाडगं तेवढं वाढवून द्या."