डिंकाची मिशी

नातीने नाटकासाठी डिंकाने मिशी चिकटवली आणि त्या वासासरशी मी नाशिकच्या माझ्या जुन्या शाळेत पोहोचले. तेव्हा मी तिथे स्वतःला थोर दिग्दर्शिका समजणारी बावळट शिक्षिका होते. नाटकात मी मुलीला शाळेतून काढणारा बाप झाले होते. कुणीही टाळी वाजवून नाटक थांबवावं आणि त्या मुलीच्या जागी उभं राहून बापाला पटवावं, असा नियम होता. त्यासाठी एका हुशार पोरीला मी आधीच पढवून ठेवलं होतं!

टाळी मात्र मागच्या बाकावरच्या अबोल मंगलने वाजवली. तिचे वडील तिला खरोखरच शाळेतून काढणार होते.

"आप्पा, मला शिकायचं हाय."

मी संवाद विसरले. मिशी ओठावरून लोंबू लागली.

"मिशी नंतर लावा, आप्पा. आधी उत्तर द्या."

सगळी शाळा दणाणली. संध्याकाळी घरी ती हेच बोलली. तिच्या खऱ्या आप्पांची मिशी पक्की होती; हट्ट मात्र सुटला.